बिनआवाजाची सकाळ

मुलांनो, जरा अशी कल्पना करा. उद्या सकाळी तुम्ही उठलात आणि आईने आधी तुमच्या पुढ्यात वरणभात वाढला. मग म्हणाली, "आता दात घास." दात घासून होतात तोच शाळेची घंटा झाली, आणि शाळेत पोचल्यावर बाईंनी तुम्हाला अंघोळ घातली. एवढं सगळं झाल्यावर बाबा हळूच जवळ आले आणि म्हणाले, "ऊठ बाळा, सकाळ झाली." तुम्ही काय कराल? एखादा दिवस हसाल. पण रोज असंच व्हायला लागलं तर पलंगाचा पाय घट्ट धरून बसाल आणि म्हणाल, मला कुठेच जायचं नाही.

आता अशाच एका घट्ट धरून बसलेल्या मुलीची गोष्ट ऐका. तिने पलंगाचा पाय नाही, दुधाचा कप धरला होता.

तिचं नाव जाई. वय चार वर्षं. राहायची बेलापूरला, खाडीच्या अंगाच्या एका नव्या सोसायटीत. साल होतं एकोणीसशे शहाऐंशी. तेव्हा बेलापूर इतकं नवं होतं, की इमारतींना रंग होता, पण झाडांना अजून सावली नव्हती.

जाई बोलत नसे. म्हणजे तोंडाने बोलत नसे, बाकी तिचा कारभार चोख होता. तहान लागली की ती जवळ असेल त्या माणसाचा हात धरायची, त्याला माठापर्यंत चालवत न्यायची आणि त्याचा हात उचलून झाकणीवर ठेवायची. मग ते माणूस घरचं असो नाहीतर मीटर बघायला आलेलं असो. आणखी एक गोष्ट तिला चालत नसे: दारातल्या वेड्यावाकड्या चपला. कोणी आलं की ती त्यांच्या चपला जुळवून, बोटं बाहेरच्या दिशेला करून, नीट ठेवून द्यायची. पाहुण्यांना वाटायचं, मुलगी मोठी संस्कारी आहे. काहींना वाटायचं, आपण लवकर निघावं असं तिला वाटतंय.

सोसायटीच्या बालवाडीत शिकवायच्या मुक्ताबाई. परळच्या एका शाळेत उभा जन्म पहिलीचा वर्ग सांभाळून त्या निवृत्त झाल्या, मुलाकडे राहायला आल्या आणि महिन्याभरात कंटाळल्या. सोसायटीच्या खोलीत संध्याकाळी कॅरम चाले; सकाळी ती रिकामीच असे. त्यांनी चेअरमन रावसाहेबांकडे ती मागितली. रावसाहेब म्हणाले, "खुशाल घ्या. फक्त कॅरमच्या पावडरीला हात लागता कामा नये." तो पहिल्याच दिवशी लागला. सगळी बालवाडी पांढऱ्या मिशा लावून घरी गेली. पण खोली गेली ती गेलीच, परत काही रावसाहेबांना मिळाली नाही.

जूनमध्ये जाईची आई मीना तिला बालवाडीत घेऊन आली. मुक्ताबाईंनी जाईला सतरंजीवर बसवलं. प्रार्थना सुरू झाली, आणि तुम्हाला ठाऊकच आहे, लहान मुलं प्रार्थना म्हणतात तेव्हा देवाला कमी ऐकू येतं असं समजून म्हणतात. जाईने दोन्ही कान दाबले, एक किंकाळी फोडली आणि कोणाला काही कळायच्या आत दाराबाहेर पळाली. सापडली ती थेट मोठ्या रस्त्याच्या कडेला. समोरून खडीचे ट्रक जात होते.

त्यानंतर सोसायटीची बैठक झाली. कोणी वाईट बोललं नाही, पण सगळ्यांनी डोकी हलवली. "उद्या काही झालं तर जबाबदार कोण?" रावसाहेब म्हणाले. मीना मान खाली घालून घरी गेली. त्या दिवसापासून तिच्या घराच्या दाराला वरची कडी लागली, आणि जाई त्या कडीखाली उभी राहून तासन् तास तिच्याकडे बघू लागली.

मुक्ताबाईंना ती कडी काही सोसेना. त्यांनी मीनाला आणि तिच्या नवऱ्याला, जयप्रकाशला, बरोबर घेतलं आणि मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. डॉक्टरीणबाई जाईबरोबर जमिनीवर बसल्या, खूप वेळ बसल्या. मग त्यांनी सांगितलं, की याला ऑटिझम म्हणतात. हा शब्द तेव्हा आपल्याकडे फार थोड्यांच्या कानावर आला होता.

"हा ताप-खोकल्यासारखा आजार नाही," त्या म्हणाल्या. "हिचं मन वेगळ्या रीतीने चालतं, इतकंच. दोन गोष्टी सांभाळा. एक, एकदम झालेला कलकलाट हिला सोसत नाही. दोन, रोजचा क्रम मोडू नका. कशानंतर काय येणार हे कळलं, की हिची भीती जाते."

"शाळेचं काय, डॉक्टर?" जयप्रकाशने विचारलं. "टेन्शन त्याचंच आहे."

"खास शाळा मुंबईत आहे, पण तुम्हाला दोन-दोन बस बदलून यायचं. रोज एवढ्या लहान मुलीला घेऊन कसं जमणार? घराजवळची बालवाडी मिळाली तर फार बरं. पण बालवाडी हिच्यासाठी थोडी वाकवावी लागेल."

"वाकवू की," मुक्ताबाई म्हणाल्या. "आमची बालवाडी नवी आहे, माती अजून ओलीच आहे."

मग त्या कामाला लागल्या. प्रार्थना पुटपुटत म्हणायची, असं मुलांना शिकवलं. मुलांना वाटलं हा चोर-पोलिसाचाच प्रकार आहे, आणि ती देवाला ऐकू जाणार नाही इतकी हळू म्हणू लागली. खिडकीजवळ जाईसाठी वेगळं बसकर ठेवलं. सुरुवातीला मीनाने मागे बसायचं ठरलं. नुसतं बसलं तर मुलांचं लक्ष जाईल, म्हणून तांदूळ निवडत. बालवाडीत दफ्तर अडकवायला प्रत्येकाच्या खिळ्यावर एक चित्र असे, कारण नाव कोणालाच वाचता येत नसे. जाईच्या खिळ्यावर मुक्ताबाईंनी जाईचं फूल काढलं. ते हुबेहूब टेबलफॅनसारखं दिसत होतं. जाईला पंख्यांचं वेड होतं, त्यामुळे कोणाचंच काही बिघडलं नाही.

राहिला क्रम. त्यासाठी मुक्ताबाई एका सकाळी मीनाच्या घरी जाऊन बसल्या. त्यांच्या चपला ताबडतोब जुळवल्या गेल्या. जाई कप घेऊन खिडकीत बसली. कपातलं दूध कधीच संपलं होतं, पण कप सोडायला ती तयार नव्हती.

"आता बघा बाई," मीना हसून म्हणाली. "आमचं घड्याळ यायची वेळ झालीच."

इतक्यात गल्लीच्या तोंडाशी हाक आली. जवळच्या दिवाळे गावची बायजाबाई कोळीण डोक्यावर मासळीची पाटी घेऊन आली होती. तिची हाक म्हणजे साधी हाक नव्हती. ती पाण्यावरून येणाऱ्या होडीसारखी लांबून सुरू व्हायची आणि आपल्या दारात येऊन टेकायची. "मावरं घ्या गोऽऽ, ताजं मावरं!"

जाईने कप खाली ठेवला. दारात गेली, चपला पायात घातल्या आणि कडीखाली उभी राहिली.

"हिला मोठा आवाज चालत नाही ना?" मुक्ताबाईंनी आश्चर्याने विचारलं.

"बायजाबाईचा चालतो. रोज येणार म्हणून ठाऊक असतं ना, म्हणून. ही हाक झाली की आम्ही बाहेर एक फेरी मारतो. एकदा बायजाबाई लग्नाला गेली होती, तर आम्ही दुपारपर्यंत कप धरून बसलो होतो."

"मग सोपं आहे," मुक्ताबाई म्हणाल्या. "फेरी आमच्या दाराशी आणू."

आणि तसंच केलं. दिवाळीच्या सुट्टीत बालवाडी रिकामी होती. रोज हाक झाली की जाई कप ठेवी, चपला घाली, मीनाचं बोट धरून सोसायटीच्या खोलीपर्यंत येई. चपला दारात, पिशवी पंख्याच्या खिळ्याला, मग बसकरावर बसून चार कुरमुरे, मग घरी. सुट्टी संपेपर्यंत तो रस्ता तिच्या पायांत बसला.

आता रावसाहेबांची समजूत घालायची होती. मुक्ताबाईंनी त्यांना डॉक्टरीणबाईंचं सगळं म्हणणं सांगितलं. पण रावसाहेबांची एक खोड होती. कोणी दोन गोष्टी सांगू लागलं, की पहिलीच ऐकून ते कामाला लागत.

"कलकलाट नको," ते म्हणाले. "समजलं."

"आणि क्रम..."

"समजलं हो. मुक्ताबाई, मी काय राक्षस आहे का? मलाही वाटतं पोरीचं भलं व्हावं. पण बाकीच्या पालकांना मला तोंड द्यायचंय. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी मी स्वतः येऊन बसणार. खाऊच्या वेळेपर्यंत ती वर्गात टिकली, तर जागा तिची. जूनसारखं झालं, तर मात्र पुन्हा विषय काढायचा नाही. कबूल?"

मुक्ताबाई कबूल म्हणाल्या. मीनाला हे सांगताना त्यांनी आवाज अगदी सहज ठेवला होता, तरी मीनाच्या हातातला झारा थांबला.

"नाही बसली तर?" मीनाने विचारलं.

"बसेल," मुक्ताबाई म्हणाल्या. पण घरी जाताना त्यांना सारखी ती वरची कडीच दिसत राहिली.

इकडे रावसाहेब कामाला लागले होते. रस्त्यात भेटले तेव्हा मोठ्या खुशीत होते. "सगळा बंदोबस्त केलाय बरं का. पाववाल्याला सांगितलं, भोंगा वाजवायचा नाही. वॉचमनची शिट्टी काढून घेतली. दुसऱ्या मजल्यावरचा रेडिओ बंद. टाचणी पडली तर ऐकू येईल."

मुक्ताबाईंना माणूस आवडून गेला. "फार उपकार झाले," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने गॅलरीतून त्यांना दिसलं, की रावसाहेब फाटकाशी बायजाबाईला हातवारे करून काहीतरी समजावताहेत. त्यांना वाटलं, बोंबलांचा भाव चाललाय.

तो दिवस उजाडला. आणि काय सांगावं, इतकी शांत सकाळ बेलापुरात त्याआधी झाली नव्हती आणि नंतर तर शक्यच नाही. पाववाला सायकल हातात धरून चोरासारखा दारोदार फिरत होता. वॉचमन तोंडाचा चंबू करून शिट्टीवाचून नुसताच फुंकत होता. बायका कुकरची शिटी होऊ नये म्हणून गॅसपाशी पहाऱ्याला उभ्या होत्या. रावसाहेब इस्त्रीचा सदरा घालून बालवाडीत येऊन बसले. खुर्ची लहान मुलांची होती, त्यामुळे त्यांचे गुडघे हनुवटीला लागत होते.

मुलं आली. प्रार्थना पुटपुटून झाली. जाई आली नाही.

मुक्ताबाईंनी मुलांना खडू दिले. रावसाहेबांनी घड्याळ बघितलं. जाई आली नाही.

मग त्या सबंध शांततेत, समोरच्या इमारतीच्या तळमजल्यावरून, एक किंकाळी आली. वसाहतीत त्या सकाळी एकच आवाज झाला, आणि तो जाईचा होता.

रावसाहेबांचा चेहरा उतरला. "एवढं करूनसुद्धा..." ते पुटपुटले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

"मुलांवर जरा लक्ष ठेवा," मुक्ताबाई म्हणाल्या आणि पदर खोचून निघाल्या. मागून रावसाहेबांचा घाबरा आवाज आला, "मी?" पण त्या थांबल्या नाहीत.

घरात मीना भिंतीला टेकून बसली होती. तिचे डोळे लाल झाले होते. जयप्रकाश, कारखान्यातली पाळी बदलून घेऊन थांबलेला, हातात छोट्या चपला घेऊन उभा होता. खिडकीत जाई, दोन्ही हातांनी कप छातीशी धरून.

"वेळ झाली म्हणून मी कप घेऊ लागले, तर असं केलं," मीना म्हणाली. "इतके दिवस शहाण्यासारखी आली, आणि नेमकं आजच... बाई, सोडून द्या. नशिबात नाही."

मुक्ताबाई जाईच्या शेजारी, खिडकीत बसल्या आणि जाई बघत होती तिकडे बघू लागल्या. गल्लीचं तोंड. रिकामं. एक कावळा कठड्यावर बसून विचार करत होता. मग त्यांनी कान दिला. पाववाला नाही. शिट्टी नाही. रेडिओ नाही.

"मीना," त्यांनी हळूच विचारलं, "आज बायजाबाई आली का गं?"

मीनाने मान वर केली. "ऐकू तर आली नाही."

आणि मुक्ताबाईंना फाटकाशी हातवारे करणारे रावसाहेब आठवले. बोंबलांचा भाव नव्हता तो. त्यांना हसू आलं, आणि रागही आला, तो स्वतःचाच. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली दुसरी गोष्ट रावसाहेबांनी ऐकली नव्हती ते ठीक. पण आपण तर ऐकली होती ना? तरीही शांततेच्या कौतुकात आपणही वाहवत गेलो. बिचाऱ्या जाईच्या हिशेबाने सकाळ अजून झालीच नव्हती, आणि सकाळ होण्याआधी शाळेत चल म्हणणारी आपण माणसंच वेडी ठरत होतो.

बायजाबाई मागच्या गल्लीत सापडली. एका दारापुढे पाटी उतरवून ती एक पापलेट हवेत नाचवून दाखवत होती. तोंड घट्ट मिटलेलं. समोरची गिऱ्हाईकबाई खुणेने भाव विचारत होती आणि दोघींना एकमेकींचं काही कळत नव्हतं.

"बायजाबाई, अहो, ओरडत का नाही तुम्ही?"

बायजाबाईने आधी इकडेतिकडे बघितलं, मग कुजबुजली, "चेरमन बोलला, पोरीची शाला हाय, आवाज करू नुको. मी बोलले, अरे, मावरं काय खुनेनं इकू? तर बोलला, आजचा दिस. पोरीसाठी हाय म्हनून गप बसले मी, मास्तरीनबाय. नायतर माज्या बापापुढं पन मी गप ऱ्हायले नवते."

"आता पोरीसाठीच ओरडा. चला, पुढच्या गल्लीत. पहिल्यापासून, रोजच्यासारखं."

"आता तुमी सांगता वरड, तो सांगतो गप. एकदा नक्की करा गो बाय," बायजाबाई म्हणाली, पण तोवर तिने पाटी डोक्यावर घेतलीसुद्धा होती.

मुक्ताबाई आधी धावत मीनाकडे पोचल्या. "चपला जागेवर ठेव," त्यांनी जयप्रकाशला सांगितलं. "कोणी काही बोलू नका."

आणि मग हाक आली. सबंध सकाळभर कोंडून धरलेली हाक होती ती. रोजच्याहून जरा जास्तच भरून आली. कठड्यावरचा कावळा उडाला. पाववाल्याला वाटलं बंदी उठली, त्यानेही भोंगा दाबून घेतला. कोणाच्या तरी कुकरने मागचं पुढचं सगळं एकदम वाजवलं.

जाईने कप खाली ठेवला.

ती उठली, दारात गेली, चपला पायात घातल्या आणि कडीखाली उभी राहिली. मीनाने कडी काढली. तिने क्रम मोडला नाही. रोजच्यासारखं बोट पुढे केलं.

बालवाडीत तोवर वेगळीच प्रगती झाली होती. रावसाहेबांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर मुलांनी खडूने दोन झाडं आणि एक मोटार काढली होती. मुलांनी ओरडू नये म्हणून त्यांनी "काहीही करा, पण गप्प बसा" असं सांगितलं होतं, आणि मुलांनी तसंच केलं होतं. जाई दारात दिसताच ते त्या छोट्या खुर्चीतून धडपडत उठले.

"उशीर झालाय," ते मुक्ताबाईंना म्हणाले, आणि जरा चाचरत, "पण ती बाहेर ओरडली ती कोण? मी तिला बजावून सांगितलं होतं..."

"तीच जाईची घंटा आहे, रावसाहेब. तुम्ही घंटाच काढून घेतलीत आणि वर विचारता, मुलं का आली नाहीत."

इकडे जाईने चपला दारात ठेवल्या. पिशवी पंख्याच्या खिळ्याला अडकवली. बसकराकडे निघाली आणि मधेच थांबली. सगळं रोजच्यासारखं होतं, फक्त खोलीच्या मधोमध एक मोठा माणूस उभा होता. सुट्टीत तिथे असं काही नसायचं.

"ए बाळ," रावसाहेब प्रेमाने वाकून म्हणाले, "खाऊपर्यंत बसशील ना? मी बघायला थांबलोय हं."

मुक्ताबाई पुढे झाल्या नाहीत.

जाईने रावसाहेबांचं बोट धरलं. त्यांना चालवत दारापर्यंत नेलं. त्यांचा हात उचलला आणि दाराच्या कडीवर ठेवला. मग खाली बसून त्यांच्या दोन्ही चपला जुळवल्या, बोटं बाहेरच्या दिशेला केली, आणि आत जाऊन, खिडकीजवळच्या बसकरावर बसून, कुरमुऱ्यांसाठी तळहात पुढे केला.